डेल्को आणि एक बारीक नळी

काही शब्द शब्दकोशात नव्हे, गॅरेजात शोधावे लागतात. ‘डेल्को’ हा त्यांपैकी एक. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाडीत चारही सिलिंडरच्या प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटून देणारं एक यंत्र असतं. बॅकेलाइटची टोपी आणि तिच्यातून निघालेल्या पाच जाड वायरी, असं त्याचं रूप. पुस्तकात त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. पारनेरच्या गॅरेजात मात्र हा शब्द माझ्या कानांवर कधी पडला नाही. ‘डेल्को उघड’, ‘डेल्कोत ओल गेलीय’, ‘डेल्को जरासा फिरवून बघ’, असंच सगळे बोलायचे. मुंबईहून जत्रेला टॅक्सी घेऊन येणारे आमचे गाववालेही तेच बोलायचे.

हे खरं तर एका कंपनीचं नाव. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स या दोघांनी १९०९ साली ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. आद्याक्षरं जुळवून झालं डेल्को. पुढे १९१८ मध्ये ही कंपनी जनरल मोटर्सच्या पोटात गेली. त्याच जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना थाटून शेवरलेट गाड्या जुळवायला सुरुवात केली. डेल्को हा शब्द मराठी मिस्त्रींच्या तोंडी बसला तो याच वाटेने, असं माझं मत आहे. परदेशी सुटे भाग आणून नुसत्या जुळवणाऱ्या कंपन्यांना सरकारने १९५३ मध्ये दार बंद केलं, आणि १९५४ साली शिवडीचा कारखाना मिटला. शब्द मात्र राहिला. लुकासचा डिस्ट्रिब्युटर असो की आणखी कुणाचा, आमच्याकडे तो डेल्कोच.

या डेल्कोच्या कुशीला पत्र्याची एक चपटी डबी चिकटलेली असते आणि त्या डबीतून एक बारीक नळी निघून कार्ब्युरेटरकडे जाते. आज बोलायचं आहे ते त्या नळीबद्दल. अ‍ॅम्बेसेडर गाडीवर मंत्री, लाल दिवे, पांढरे पडदे यांच्या आठवणी लिहिणारे खूप झाले. त्या गाडीचं बॉनेट उघडणाऱ्यांवर कुणी फारसं लिहीत नाही.

आधी ठिणगीचं वेळापत्रक समजून घेऊ. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगी पडताच एका झटक्यात पेटतं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. ते पेटत पेटत जातं आणि त्याला सेकंदाचे दोन-तीन हजारावे भाग लागतात. पिस्टन वरच्या टोकाला पोचून खाली वळला की लगेच सगळा जोर त्याच्या माथ्यावर यायला हवा. म्हणजे ठिणगी त्याच्या आधी पडायला हवी. तबल्याची साथ ऐकणाऱ्यांना हे पटकन कळेल. तिहाई समेवर आणायची तर ती समेच्या आधीच उचलावी लागते, आणि लय द्रुत झाली की आणखी आधी. इंजिनचंही तेच. मिनिटाला सहाशे फेरे असताना सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँक साडेतीन अंशांच्या आसपास फिरतो. तीन हजार फेरे झाले की तेवढ्याच वेळात अठरा अंश. ठिणगी जागच्या जागी राहिली तर सम चुकणारच.

सुरुवातीच्या गाड्यांत हे काम माणूस करायचा. फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या घरात बनली. तिच्या स्टिअरिंगखाली दोन दांड्या असत. उजवीकडची पेट्रोलची, डावीकडची ठिणगीची. हँडल मारताना ठिणगी मागे घ्यायची, नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं. रस्ता सपाट लागला की दांडी पुढे, चढ आला की मागे. ड्रायव्हरचा कान सतत इंजिनाकडे. त्या काळच्या ड्रायव्हरला अर्धा मिस्त्री मानत, ते उगीच नाही.

पुढे डेल्कोच्या पोटात दोन छोटी वजनं आणि स्प्रिंगा आल्या. फेरे वाढले की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप आधी पडते. लयीचा प्रश्न सुटला. पण ओझ्याचा राहिला. पाच माणसं आणि दोन पोती घेऊन घाट चढणारी गाडी आणि रिकामी, सपाटीवर रमतगमत चाललेली गाडी, दोघींचे फेरे सारखे असले तरी दोघींची ठिणगी सारखी चालत नाही. हे दुसरं काम नळीवाल्या डबीकडे आलं. १९३० च्या दशकापासून ती मोटारींत दिसू लागली.

कल्पना इतकी साधी आहे की काढणाऱ्याचा हेवा वाटावा. पेडल थोडंच दाबलेलं असतं तेव्हा कार्ब्युरेटरमधली बटरफ्लाय, म्हणजे गोल झडप, बरीचशी मिटलेली असते. इंजिन हवा ओढत असतं आणि हवा पुरेशी मिळत नसते, म्हणून झडपेच्या पलीकडे ओढ तयार होते. तीच व्हॅक्यूम. अशा वेळी सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ भरतं, आणि विरळ मिश्रण सावकाश जळतं. त्याला ठिणगी आणखी लवकर हवी. नळी ती ओढ डबीपर्यंत पोचवते, डबीतला रबरी पडदा आत खेचला जातो, आणि ज्या पत्र्यावर पॉइंट बसवलेले असतात तो पत्रा किंचित फिरतो. ठिणगी आधी पडते. चढ आला, तुम्ही पेडल खाली दाबलंत, की झडप उघडते, ओढ संपते, पडदा स्प्रिंगने परत येतो आणि ठिणगी मागे. मिश्रण आता दाट आहे, भराभर जळणार आहे. त्याला तेवढी घाई नको. मॉडेल टीच्या ड्रायव्हरचा डावा हात जे करायचा, ते आता एक रबराचा पडदा करू लागला.

आता पारनेरकडे येऊ. सेनापती बापटांचं गाव म्हणून पारनेर लोकांना माहीत असतं. नाहीतर दुष्काळी तालुका म्हणून. मोटारींच्या इतिहासातही त्याला कोपऱ्यातली का होईना, एक जागा आहे. १ जून १९४८ ला महाराष्ट्रातली पहिली एसटी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, या दोन शहरांच्या दरम्यान धावली. ती आमच्या तालुक्यातल्या सुप्यावरून गेली. ती बेडफोर्ड होती आणि त्या काळच्या बेडफोर्ड पेट्रोलवर चालत.

तालुक्याच्या आतल्या रस्त्यांवर राज्य होतं ते जीपचं. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकून टाकलेल्या विलीज जीप आधी आल्या. १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड महंमद’ या नावाने निघालेली कंपनी १९४८ ला ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली आणि माझगावात जीप जुळवू लागली. मग त्या आल्या. मी दुष्काळानंतरच्या पिढीतला. पण १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांना लांबून आधी धुरळा दिसायचा आणि मग सरकारी जीप, हे वर्णन मी घरात इतक्या वेळा ऐकलंय की मला ते पाहिल्यासारखं वाटतं.

या पेट्रोल जीपच्या डेल्कोला नळी नव्हती. आत वजनं होती, बाहेर डबी नव्हती. युद्धासाठी घडवलेलं इंजिन; त्यात बिघडण्यासारखं जितकं कमी तितकं बरं, असा हिशेब असावा. आमच्याकडचे जुने मिस्त्री सगळे जीपवर हात बसवलेले. त्यांच्या बोटांना नळीची सवयच नव्हती, आणि पुढचा घोळ इथे सुरू झाला.

कारण मग अ‍ॅम्बेसेडर आली. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही गाडी बंगालमध्ये उत्तरपाड्याला १९५७-५८ च्या सुमारास बनू लागली, आणि १९५९ पासून तिला १४८९ सीसीचं इंजिन मिळालं. या इंजिनाच्या लुकास डेल्कोला डबी होती, नळी होती आणि डबीच्या टोकाशी चिमटीत फिरवायची एक खाचदार बारीक फिरकीही होती. फिरकीपाशी ‘ए’ आणि ‘आर’ ही दोन अक्षरं. पुढे आणि मागे. इंग्रजी न वाचता येणाऱ्या मिस्त्रींनाही ही दोन अक्षरं ओळखता यायची. डबीवर तीन आकडे ठोकलेले असत: किती ओढीला पडदा हलायला लागणार, किती ओढीला पुरता खेचला जाणार आणि जास्तीत जास्त किती अंश फिरवणार. म्हणजे डबी ही कुठलीही डबी नव्हती, त्या त्या इंजिनासाठी मापून दिलेली होती.

माझ्या मामूंचं गॅरेज पारनेरच्या एसटी स्टँडपासून फार लांब नव्हतं. १९८४-८५ मध्ये मी हायस्कूलला होतो आणि सुट्टीत तिथे रॉकेलच्या ट्रेमध्ये सुटे भाग धुवायचो. त्या काळात तालुक्यातल्या एका डॉक्टरांची अ‍ॅम्बेसेडर आली. पेशंटला नगरला न्यायचं म्हटलं की हीच गाडी. आसपासच्या चार गावांना दुसरी नव्हती. तक्रार अशी की रेडिएटर उकळतो. रेडिएटर बदलून झाला होता, थर्मोस्टॅट काढून टाकला होता, पंख्याचा पट्टा नवा होता. बाळंतपणाला अडलेल्या बाईला घेऊन जाताना गाडी वाटेत थांबवून पाणी ओतावं लागलं, तेव्हा डॉक्टर घाबरले.

मामूंनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, ‘‘डॉक्टरसाहेब, चढाला तापते की सपाटीला?’’

डॉक्टर जरा थांबले. म्हणाले, ‘‘माळशेजला नेहमी तापायची तेवढीच तापते, मिस्त्री. पण नगरच्या सरळ रस्त्याला साठच्या स्पीडने नुसती चालवली तरी पाणी उकळतं. ॲव्हरेजपण लिटरला दहाचं साडेआठ झालंय.’’

मामू माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘नळी देख.’’ नळीच्या तोंडात एक स्क्रू पिळलेला होता.

हे निदान मला तेव्हा जादूसारखं वाटलं. आता कळतं की तो शुद्ध तर्क होता. चढाला ओढ नसतेच, म्हणून नळी असली काय, नसली काय, फरक पडत नाही. सपाटीवर मात्र नळी बंद असेल तर ठिणगी उशिरा पडते, मिश्रण उशिरापर्यंत जळत राहतं, ताकद चाकांना मिळण्याऐवजी उष्णता होऊन पाण्यात आणि सायलेन्सरमध्ये जाते. पेट्रोल जास्त, उष्णता जास्त. आणि गाडी तर चालतेच. बंद पडली असती तर कुणीतरी शोधलं असतं. इथे सगळेजण रेडिएटरला दोष देत बसले.

स्क्रू का पिळला होता, तेही निघालं. कधीतरी कार्ब्युरेटर दुसऱ्या बनावटीचा बसवला होता आणि त्याला ही नळी जोडायची तोटीच नव्हती. जीपवर शिकलेल्या कुणा हाताने विचार केला असेल, जीपला कुठे असते नळी! आमच्या भागात अशा बंद नळ्या मी नंतर किती पाहिल्या. कुठे स्क्रू, कुठे खिळा. डबीतला पडदा उन्हाने फाटला, नवी डबी तालुक्याला मिळत नाही, मग द्या बंद करून.

आता प्रश्न, नळी जोडायची कुठे? त्या वेळी नगरचे एक उस्ताद मामूंकडे आलेले होते. त्यांचं म्हणणं, झडपेच्या पलीकडे थेट मॅनिफोल्डला भोक पाडून जोडा. ओढ ती ओढ. मामूंचं म्हणणं, कंपनीने ती कार्ब्युरेटरवर झडपेच्या काठाशी दिली आहे, तिथेच हवी. दोघांत मोठा वाद झाला, अदबीने, पण आवाज चढवून.

फरक कळायला थोडं बारकाईने पाहावं लागतं. कंपनीचं भोक अशा जागी असतं की पेडल सोडलेलं असताना, झडप मिटलेली असताना, ते झडपेच्या अलीकडे, हवेच्या बाजूला राहतं. म्हणजे गाडी उभी राहून नुसती धुगधुगत असताना नळीत ओढ नाही. पेडलला पाय लागला, झडपेची कड भोकावरून सरकली, की ओढ आली. मॅनिफोल्डला जोडलं तर उभ्या गाडीतही ओढ असते, ठिणगी पुढे असते, इंजिन भरभर फिरायला लागतं आणि मग स्क्रू फिरवून त्याचा स्लो परत खाली आणावा लागतो. एकदा गाडी चालायला लागली की दोन्ही भोकांना सारखीच ओढ मिळते. थोडक्यात, तो सगळा वाद गाडी उभी असतानाचा होता!

अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस धुराचे कायदे आले आणि उभ्या गाडीची ठिणगी मुद्दाम मागे ठेवण्याची पद्धत पसरली. त्यावरून काही जाणकार सांगतात की कार्ब्युरेटरवरचं भोक हे धुराच्या कायद्याचं अपत्य. हे मला मान्य नाही. ज्या मॉरिसवरून आपली अ‍ॅम्बेसेडर आली, तिच्या कार्ब्युरेटरवर ते १९५० च्या दशकातच होतं. उभ्या गाडीचा स्लो एकसारखा राहावा, हा त्यातला सरळ फायदा आहे.

डॉक्टरांची गाडी तीन आठवडे नगरच्या उस्तादांच्या पद्धतीने चालली. पाणी उकळायचं थांबलं, ॲव्हरेज परत आलं. फक्त जागेवरून हलताना क्लच सोडला की एक आचका बसायचा, कारण नेमकी त्याच क्षणी ओढ कमी होऊन ठिणगी मागे पडायची. मग पुण्याच्या जुन्या बाजारात मूळ बनावटीचा कार्ब्युरेटर मिळाला, तो बसवला, नळी आपल्या जागी गेली आणि आचकाही गेला. माझं मत विचाराल तर मामू बरोबर होते. पण बंद नळीपेक्षा नगरच्या उस्तादांची नळी शंभरपट बरी होती, हे मामूंनीही कबूल केलं.

हे ज्ञान कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणजे कंपनीच्या पुस्तकात होतं, पण ते पुस्तक तालुक्यापर्यंत आलंच नाही. आमच्याकडे उर्दू शायरीत इस्लाहची रीत आहे. शागिर्द गझल नेतो, उस्ताद एखादा शब्द बदलून देतो, का बदलला ते बहुधा सांगत नाही. गॅरेजातही तसंच. दोन वर्षं भाग धुवा, मग पाने द्या, मग पॉइंटमधली फट पंधरा थाऊ धरायला शिका आणि टायमिंग सगळ्यांत शेवटी. ‘‘हात नक्को लगा, पैले कान लगा,’’ हे मामूंचं वाक्य. कवितेत ही रीत मला गोड वाटते. गॅरेजात तिची किंमत पेट्रोलने मोजावी लागली. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. त्या नोव्हेंबरात वाजपेयी बैलगाडीतून संसदेवर गेले, त्याची आठवण आजही निघते. देशभर थेंबाथेंबाचा हिशेब सुरू झाला. आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांनीही आमच्याकडे स्क्रू पिळलेल्या नळ्या घेऊन गाड्या फिरत होत्या. एका उस्तादाने दुसऱ्याच्या शागिर्दाला चार वाक्यं सांगितली असती तरी पुरलं असतं.

अर्थात, सगळा दोष मिस्त्रींना देणं बरोबर नाही. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेलं असलं की ठिणगी थोडी पुढे असतानाही इंजिन खडखडतं. याला नॉकिंग म्हणतात; मिश्रण आपल्या पाळीची वाट न पाहता स्वतःहून पेट घेतं. अशा वेळी मामू ती बारीक फिरकी ‘आर’कडे दोन टिचक्या फिरवायचे. ज्याला फिरकी माहीत नव्हती, तो नळीच बंद करायचा.

या नॉकिंगवर १९२१ साली औषध सापडलं ते त्याच डेटन गावात आणि त्याच केटरिंगच्या हाताखाली. थॉमस मिजली या त्याच्या सहकाऱ्याने पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळून पाहिलं. खडखड थांबली आणि जगभरच्या हवेत शिसं पसरलं. आपल्या देशात ते पेट्रोलमधून पूर्ण गेलं १ फेब्रुवारी २००० ला. ज्याच्या कंपनीचं नाव आमच्या मिस्त्रींच्या जिभेवर बसलं, त्याच्याच प्रयोगशाळेतलं शिसं त्यांच्या फुप्फुसात उतरत होतं. मामू कार्ब्युरेटरचं जेट तोंडाने फुंकून साफ करायचे. तेव्हा सगळेच करायचे.

पारनेरात डेल्को हा शब्द मुंबईच्या आधी मावळला. जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेण्याची लाट आली, मॅटाडोर आल्या, मग ट्रॅक्स. डिझेलला ठिणगीच लागत नाही. मारुती ८०० मध्ये ही डबी आणि नळी होती, पण २००० च्या आसपास कार्ब्युरेटर गेले आणि त्यांच्याबरोबर नळीही गेली. अ‍ॅम्बेसेडर २०१४ च्या मे महिन्यात बनायची थांबली. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. आताच्या गाडीत इंजिनाला एक सेन्सर चिकटवलेला असतो. खडखडीची चाहूल लागली की तो संगणकाला कळवतो आणि ठिणगी मागे जाते. कान लावायचं कामही यंत्राकडे गेलं.

तरी जुन्या अ‍ॅम्बेसेडर जपणारे आहेत. नगरला आहेत, पुण्यात आहेत. त्यांच्यासाठी मामूंची परीक्षा सांगतो. इंजिन बंद ठेवा. डेल्कोची टोपी काढा. नळीचं कार्ब्युरेटरकडचं टोक सोडवा, पुसा आणि तोंडाने ओढा. आतला पत्रा हलला पाहिजे. मग टोकावर जीभ दाबून धरा आणि मनात दहा मोजा. पत्रा जागच्या जागी राहिला तर पडदा शाबूत. हळूहळू परतला तर डबी फाटली आहे, नवी शोधा. टायमिंग लावताना नळी काढून ठेवा, लावून झाल्यावर परत जोडा. जोडायला मात्र विसरू नका. मी पाहिलेल्या बंद नळ्यांपैकी निम्म्या अशा विसरलेल्याच होत्या.